आई-वडिलांना लोहगडावर नेण्यापूर्वी

पावसाळा ओसरला की मावळातील डोंगरवाटा पुन्हा मोकळ्या होतात आणि अनेक घरांत एक जुनी इच्छा डोके वर काढते. ‘पाय चालताहेत तोवर एकदा लोहगड पाहायचा आहे,’ असे आई किंवा वडील बोलून दाखवतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात लोहगडाचे नाव आल्यापासून ही इच्छा पुष्कळ घरांत ऐकू येऊ लागली आहे. लोणावळा-मावळ परिसरातील दवाखान्यांत ‘बाबांना गडावर नेले तर चालेल का?’ हा प्रश्न त्यामुळे नित्याचा झाला आहे.

या प्रश्नाला घरातून सहसा दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, ‘या वयात कशाला हा खटाटोप?’ आणि दुसरे, ‘त्यात काय, येत्या रविवारीच जाऊ!’ पहिल्या उत्तराने ज्येष्ठांचे जग उंबरठ्याच्या आत आक्रसते. दुसऱ्याने त्यांच्या हृदयावर आणि गुडघ्यांवर नकळत मोठा भार पडतो. योग्य उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे: जरूर न्या, परंतु तीन महिन्यांनंतर. आज तयारीला आरंभ केला, तर मार्गशीर्षाच्या गारव्यात आपले आई-वडील निर्धास्तपणे गडाची पायरी चढू शकतील.

गड काय मागतो?

लोहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३३ मीटर आहे. या उंचीवर हवेच्या विरळपणाचा त्रास होत नाही. आव्हान आहे ते सलग चढाचे आणि उंच-सखल दगडी पायऱ्यांचे. मळवली स्थानकावर उतरून भाजे गावामार्गे चालत जाणाऱ्यांना पायऱ्यांपर्यंत पोहोचण्यातच बरीच शक्ती खर्चावी लागते. ज्येष्ठांनी वाहनाने थेट लोहगडवाडीपर्यंत जावे आणि आपला दमसास गडासाठी राखून ठेवावा.

ज्या व्यक्तीचे रोजचे चालणे घर ते मंडईपुरते आहे, तिच्यासाठी हा चढ वर्षातून एखाद्याच वेळी पडणारा जबर श्रम ठरतो. खरा धोका इथेच आहे. हृदयविकाराच्या झटक्यावरील एक महत्त्वाचा अभ्यास १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. जोरकस श्रमांच्या वेळी आणि त्यानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता किती वाढते, हे त्यात पाहिले गेले. आठवड्यातून एकदाही व्यायाम न करणाऱ्यांत ती शंभर पटींहून अधिक वाढली, तर पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ अडीच पटींच्या आत राहिली. एका विशिष्ट तासापुरती ही शक्यता मुळात अत्यल्प असते, त्यामुळे शंभर पट या शब्दांनी घाबरून जाऊ नये. मात्र श्रम तेच असूनही सवयीने धोक्यात केवढा फरक पडतो, हे ध्यानात घ्यावे.

तिकडे मिशिगन राज्यात हरणांच्या शिकारीला जाणाऱ्या पुरुषांच्या हृदयगतीची नोंद घेण्यात आली होती. दवाखान्यातील ट्रेडमिलवर गाठलेली कमाल गतीही रानात गेल्यावर त्यांच्यापैकी काहींनी ओलांडली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार इतिहासजमा झाली. तरीही त्या नोंदींतला बोध गड चढणाऱ्यांना तंतोतंत लागू पडतो. उत्साह, ओझे, चढ आणि सोबत्यांच्या बरोबरीने चालण्याची ईर्षा एकत्र आली की हृदयावरचा ताण आपल्या अंदाजापेक्षा अधिक असतो.

प्रथम तपासणी

तयारीचा पहिला टप्पा म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची भेट. रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि मूत्रपिंडाचे कार्य एवढे पाहून घ्यावे. हृदयविकार, मधुमेह, दीर्घकाळचे धूम्रपान किंवा कुटुंबात अकाली हृदयविकार असा इतिहास असेल, तर पुढील तपासण्यांचा निर्णय डॉक्टर घेतील. अलीकडेच झटका येऊन गेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असेल, तर त्यांनी अनुमती देईपर्यंत गडाचा विषय बाजूला ठेवावा.

तपासणीइतकेच महत्त्व घरातल्या निरीक्षणाला आहे. आमच्या पिढीचे आई-वडील दुखणे सांगत नाहीत, ते झाकतात. माझ्याकडे येणारे एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ गडाच्या तयारीसाठी रोज संध्याकाळी चालू लागले होते. दर पाच-सात मिनिटांनी ते थांबत आणि ‘काय सुंदर दिसतोय हा डोंगर!’ म्हणत. मुलांना वाटले, बाबा निसर्गात रमले. त्यांच्या पत्नीने मात्र ओळखले की डोंगर रोज त्याच चढावर सुंदर दिसतो. छातीवर येणारा दाब ते देखाव्याच्या निमित्ताने लपवीत होते, कारण कळले तर गड रद्द होईल, ही धास्ती त्यांच्या मनात होती. तपासणीत हृदयाच्या धमनीत अडथळा आढळला आणि वेळीच उपचार झाले. पुढच्या हिवाळ्यात, डॉक्टरांच्या संमतीने, ते अर्ध्या गडापर्यंत समाधानाने जाऊन आले.

म्हणून पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात: चालताना छातीत, जबड्यात किंवा हातात येणारा दाब, पूर्वी सहज जमणाऱ्या जिन्यावर आता लागणारी धाप, अकारण घाम, मळमळ, भोवळ. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत कळ न येताही केवळ धाप, थकवा किंवा ‘पित्त झाल्यासारखे वाटणे’ हीच खूण असू शकते. यांपैकी काहीही जाणवल्यास तयारी तिथेच थांबवून डॉक्टरांना भेटावे.

बारा आठवड्यांचा क्रम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. त्यासोबत किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचालींचाही समावेश असावा. गडाची तयारी याच पायावर उभी करता येते.

पहिले चार आठवडे सपाट रस्त्यावर चालावे. आरंभ २० मिनिटांनी करून हळूहळू ४० मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून पाच दिवस. वेग किती असावा? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांमुळे नाडीची गती श्रमातही फारशी वाढत नाही. त्यामुळे मनगटावरील घड्याळाच्या आकड्यांपेक्षा ही बोलण्याची कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते. याच काळात घरी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव करावा. प्रथम पाच वेळा, पुढे दहा.

पाचव्या ते आठव्या आठवड्यांत जिना आणावा. कठड्याला हात लावून एक मजला, नंतर दोन. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे आणि एका पायावर काही क्षण उभे राहणे यांनी पोटऱ्या व तोल सुधारतो.

नवव्या ते अकराव्या आठवड्यांत खऱ्या पायऱ्यांचा सराव व्हावा. मावळातील कुटुंबांना भाजे किंवा कार्ले येथील लेण्यांच्या पायऱ्या हाताशीच आहेत. गडावर जे बूट, जी काठी आणि जी पिशवी न्यायची, तीच इथे वापरून पाहावी. नवे कोरे बूट घालून थेट गड चढणे म्हणजे फोडांना आमंत्रण. मधुमेहींसाठी तर तो फोड महिनोन्‌महिने चिघळणारी जखम ठरू शकतो. बारावा आठवडा विश्रांतीचा. हलके चालावे, पुरेशी झोप घ्यावी.

उतार विसरू नका

चढताना धाप लागते म्हणून सारे लक्ष चढाकडे असते. पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. प्रत्येक पायरीवर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरून धरतात. थकलेल्या मांड्या थरथरू लागल्या की पाय नेमका पडत नाही, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती. म्हणून जिन्याच्या सरावात उतरण्याला तेवढेच महत्त्व द्यावे: खालच्या पायरीवर प्रथम काठी, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, हालचाल सावकाश, पायरीवर आदळणे नको. चालताना काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

गुडघे दुखू नयेत म्हणून निघताना वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत सर्रास आढळते. ती टाळावी. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना, त्यातही रक्तदाबाच्या काही औषधांसोबत, या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

औषधे, पाणी आणि चिक्की

त्या दिवशी नेहमीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. लघवीची गोळी कधी घ्यावी, इन्सुलिनची मात्रा किती ठेवावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्यावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर सलग श्रमांत एकाएकी उतरू शकते. थरथर, घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी लोणावळ्याची चिक्की उपयोगाची नाही, कारण शेंगदाण्यांतील स्निग्धांशामुळे तिच्यातील साखर रक्तात सावकाश उतरते. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. चिक्की चुकून मागे ठेवू नका मात्र. मधुमेह नसलेल्यांना विश्रांतीच्या वेळी ती उत्तमच.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी चार घोट पाणी द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडील अनेक आया वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून भोवळही येते आणि मूत्रमार्गाचा संसर्गही होतो. वाटेतली सोय आधी पाहून ठेवणे आणि आईला ती स्पष्ट सांगणे, हीसुद्धा आरोग्याचीच काळजी आहे.

चार दरवाजे, चार थांबे

पावसाळ्यातील शेवाळलेल्या पायऱ्या आणि सुटीच्या दिवसांतील गर्दी ज्येष्ठांसाठी टाळावी. हिवाळ्यातील साधा कामाचा दिवस, गड उघडण्याची वेळ आणि कोवळे ऊन हा उत्तम योग. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत गड चढावा लागतो. हेच आपले चार थांबे समजावेत. प्रत्येक दरवाजाशी पाच-दहा मिनिटे बसावे, पाणी द्यावे आणि दोन वाक्ये बोलायला लावावीत. विश्रांतीनंतरही धाप ओसरली नसेल, तर पुढचा दरवाजा पुढच्या वर्षी. माथ्यावर पोहोचलात तरी विंचूकड्याकडे उतरणारा अवघड टप्पा ज्येष्ठांनी दुरूनच पाहावा.

वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असावा आणि तीच व्यक्ती पुढे असावी. नातवंडे पुढे धावली तरी एक जाणता सोबती सतत आई-वडिलांजवळ हवा. औषधांची यादी त्यांच्या खिशात आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या ध्यानात असावा. गडावरून रुग्णाला खाली आणण्यात बहुमोल वेळ जातो, म्हणून छातीत दाब जाणवताच तिथेच बसवून तत्काळ मदत मागवावी. ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणू नये.

आणि शेवटची तयारी मनाची. निघण्याच्या आदल्या रात्री सर्वांनी मिळून एक करार करावा: आई किंवा बाबा ‘बस’ म्हणतील तिथून परतायचे. त्यासाठी कारण विचारायचे नाही, आग्रह करायचा नाही आणि घरी आल्यावर थट्टाही नाही. हा शब्द त्यांना आधी मिळालेला असेल, तरच ते वाटेत खरे बोलतील. लोहगड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला होता आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. वेळ ओळखून माघार घेणे या गडाला परके नाही.

तीन महिन्यांच्या या तयारीत आई-वडील गडाच्या माथ्यावर पोहोचतील किंवा नारायण दरवाजातून परततील. दोन्ही प्रसंगी त्यांच्या मांड्या अधिक बळकट झालेल्या असतील, तोल सुधारलेला असेल आणि रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालणारे कुणीतरी घरात तयार झालेले असेल. गडावरून उतरल्यावर ते संध्याकाळचे चालणे मात्र थांबवू नका.