हेलसिंकीहून : बियर किराणा दुकानात आली तेव्हाचे तरुण

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला इथल्या 'आल्को'त पाय ठेवायला जागा नसते. सहाला दुकान बंद होतं ते थेट सोमवारी उघडतं. फिनलंडमधली दारूबंदी १९३२ साली उठली, तेव्हापासून कडक दारू विकण्याचा मक्ता या सरकारी कंपनीकडेच आहे. युद्धकाळापासून पुढे काही वर्षं तर गिऱ्हाइकाच्या नावाचं कार्ड असे आणि खरेदीची त्यावर नोंद होई. महाराष्ट्रातला पिण्याचा परवाना आठवावा असाच कारभार. आता कार्ड गेलं, पण तिशीच्या आतला दिसणाऱ्याकडे गल्ल्यावरची मुलगी ओळखपत्र मागतेच.

एवढा बंदोबस्त पोरांसाठी, असं वाटतं. पण पंधरा-सोळा वर्षांची फिनिश मुलं पंचवीस वर्षांपूर्वीच्या मुलांपेक्षा कितीतरी कमी पितात. काळजी आहे ती त्यांच्या आजी-आजोबांची.

त्याचं मूळ १९६९ सालात आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मध्यम कडक बियर किराणा दुकानात मिळू लागली. तोवर खेड्यापाड्यांत दारूचं दुकानच नसे. प्यायची तर शहर गाठावं लागे. नवा कायदा आला आणि एका वर्षात देशातला दारूचा खप जवळजवळ निम्म्याने वाढला. युद्धानंतर जन्मलेली भली मोठी पिढी तेव्हा नुकती विशीत आली होती, गाव सोडून कामासाठी शहरात येत होती. आधीच्या पिढीतल्या बायका दारूला क्वचितच शिवत. या पिढीतल्या बायकाही पिऊ लागल्या. विशीत लागलेली सवय संसारात टिकली, निवृत्तीनंतरही सुटली नाही. इथले लोक या मंडळींना 'ओली पिढी' म्हणतात. 'फिनिश माणूस जात्याच पिणारा' हे विधान मी इथल्याच लोकांच्या तोंडून ऐकलंय. मला ते आळशी वाटतं. रक्त १९६८ सालीही तेच होतं.

दारू सहज मिळण्याने जे झालं, तेच ती स्वस्त होण्यानेही झालं. २००४च्या मे महिन्यात एस्टोनिया युरोपीय संघात आला. तिथली राजधानी टालिन इथून बोटीने दोन तासांवर, तिथली दारू स्वस्त आणि आणण्यावरची मर्यादाही उठलेली. लोक ढकलगाड्यांवर बियरचे खोके रचून परतू लागतील, या धास्तीने सरकारने दोन महिने आधीच दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांशाने उतरवला. २००५ साली कामाच्या वयातल्या पुरुषांच्या मृत्यूंमध्ये दारू हे पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. हे मृत्यू सगळ्या थरांत सारखे वाढले नाहीत. वाढले ते मुख्यतः मध्यमवयीन, बरीच वर्षं बेकार असलेल्या किंवा अकाली पेन्शनवर गेलेल्या माणसांमध्ये. नोकरदाराला दारू तेवढीच स्वस्त झाली होती, पण त्याला सकाळी उठून कामावर जायचं होतं. पुढे कर पुन्हा चढवावा लागला.

म्हातारपणी हिशेब आणखी बिघडतो. वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे चाळिशीत पचणारे तेच दोन पेले सत्तरीत जास्त चढतात. त्यात रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी. मग न्हाणीघरात तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. जोडीदार गेलेला, मुलं दूर, हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधार. पासष्टीनंतर एका वेळी दोन आणि आठवड्यात सात पेल्यांच्या वर जाऊ नका, असा इथला सरकारी सल्ला आहे. पण आपल्या घरात आपल्या पैशाने पिणाऱ्या आजीबाईंना अडवणार कोण? शुश्रूषेला येणाऱ्या बाईला तो अधिकार नाही.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडेही इथे लक्ष आहे. 'काचेचं बालपण' ही मोहीम १९८६पासून चालते. पिणाऱ्या आईबापांच्या मुलांना काय सोसावं लागतं, हा तिचा विषय. तिच्या एका लघुपटात मुलांना आपले पालक राक्षसाच्या रूपात दिसतात. अशा घरात वाढलेल्यांना पुढे स्वतःला व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो.

आजची पोरं का पीत नाहीत, यावर इथे एकमत नाही. कोणी ओळखपत्राच्या सक्तीला श्रेय देतं, कोणी बदललेल्या पालकांना, कोणी मोबाइलला. दरम्यान २०२४च्या जूनपासून आठ टक्क्यांपर्यंतची बियर आणि वाइन किराणा दुकानात ठेवायला परवानगी मिळाली आहे. व्यापारी खूश आहेत, आरोग्य खात्यातले तज्ज्ञ नाखूश, आणि आज विशीत असलेल्यांवर याचा काय परिणाम होतो ते त्यांच्या साठीत कळेल.