ग्रिटविकेन : भिंती उतरवलेला कारखाना

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेनचा देवमासे कारखाना आज उघड्यावर उभा आहे. 2003-04 मध्ये ॲस्बेस्टॉस आणि साठून राहिलेलं तेल हटवताना इथल्या बहुतेक शेडही उतरवल्या गेल्या. त्यामुळे गंजलेले बॉयलर, विंच आणि टाक्या पाहत फिरलं, की देवमाशाचं तेल कसं होई ते टप्प्याटप्प्याने कळतं.

नॉर्वेचा कप्तान कार्ल अँटोन लार्सेन 16 नोव्हेंबर 1904 रोजी इथे उतरला. भांडवल ब्वेनोस आयरेसचं, कामगार मुख्यतः नॉर्वेचे. सुरुवातीला शिकार खाडीच्या तोंडाशीच मिळे. मेलेलं धूड किनाऱ्यावरच्या लाकडी फरशीवर ओढून घेत. लांब दांड्याच्या सुऱ्यांनी कामगार चरबीवर उभे छेद देत आणि विंच तिच्या पट्ट्या सोलून काढी. चरबी एका बाजूला, मांस दुसरीकडे आणि वाफेच्या करवतीने कापलेली हाडं तिसरीकडे जात. वाफेच्या दाबाखाली प्रत्येकातून तेल सुटे. उरलेला चोथा वाळवून, दळून खत किंवा पशुखाद्य होई. तेलापासून साबण आणि मार्जरीन बने; पहिल्या महायुद्धात त्यातलं ग्लिसरीन स्फोटकांना लागलं.

आरंभी नुसती चरबी काढून बाकीचं धूड टाकून देत. पुढे बेटावर ताबा असलेल्या ब्रिटनच्या परवान्यांनी पूर्ण प्राणी वापरण्याची सक्ती केली. नासाडी थांबली, पण कत्तल थांबली नाही. एकट्या ग्रिटविकेनमध्ये सुमारे 54 हजार देवमासे कापले गेले. बेटावरची सगळी केंद्रं धरली तर पावणेदोन लाख.

वस्तीला 1913 चं चर्च आहे. दफनभूमीत 1922 मध्ये पुरलेला अंटार्क्टिक संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन आहे आणि व्यवस्थापकाच्या जुन्या घरात संग्रहालय. बहुतेक पर्यटक शॅकल्टनसाठी येतात. पण किनाऱ्याला लागलेली ‘पेट्रेल’ ही 1928 ची शिकारी बोट, तिच्या नाळेवरची हार्पून तोफ आणि मागचा यंत्रांचा पसारा हीच इथली मुख्य गोष्ट आहे.

1920 च्या दशकात मागच्या बाजूला उतार असलेली कारखाना-जहाजं आली, देवमासे भर समुद्रात कापले जाऊ लागले आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांची गरज घटली. 1960 च्या दशकात ग्रिटविकेन भाड्याने घेतलेल्या जपानी कंपनीलाही हा धंदा परवडला नाही. व्यापारी शिकारीवरची जागतिक बंदी लागू झाली ती 1986 मध्ये. ग्रिटविकेन त्याच्या वीस वर्षं आधीच बंद पडलं होतं. त्याला टाळं लावलं ते ताळेबंदाने. 2020 च्या सर्वेक्षणात बेटाजवळ निळे देवमासे पुन्हा दिसले, पण त्याचं श्रेय या कारखान्याच्या बंद होण्याला देता येत नाही. तो थांबला तेव्हा मारण्याजोगं फारसं काही उरलंच नव्हतं.