लोकेशन दिघीचं, माणूस आगरदांड्याचा

टूजीच्या दिवसांत मी एका मोबाइल कंपनीत नेटवर्कचं काम बघायचो. पोलिसांची मागणी नोडल अधिकाऱ्याकडे यायची. तिथे अडलं की आमच्या टेबलावर. एका रात्री अशीच आली. आगरदांड्याकडचे एक आजोबा दुपारपासून बेपत्ता. खिशात फोन, रिंग जात होती, पण उचलत कोणी नव्हतं.

‘‘लोकेशन खाडीपलीकडचं, दिघीचं दाखवतंय,’’ फौजदार म्हणाले. ‘‘जेट्टीवर त्यांना कुणी पाहिलेलं नाही. तरी जीप म्हसळ्यामार्गे पाठवलीय.’’

हे लोकेशन म्हणजे फोनची जागा नव्हे. फोनला ज्या टॉवरचं नीट ऐकू येतं, त्या टॉवरची ती जागा. त्यात पाण्यावर सिग्नलला अडवायला ना झाड, ना इमारत. टेकडीवरचा टॉवर खाडीपार सहज पोचतो. आमच्याकडे त्याला ओव्हरशूटिंग म्हणतात.

सेल आयडी पाहिला. टॉवरला बहुधा तीन सेक्टर असतात, प्रत्येकाच्या वाट्याला 120 अंश. आजोबांचा फोन ज्या सेक्टरवर होता, त्याचं तोंड दिघी गावाकडे नव्हतं, पाण्याकडे होतं.

‘‘परत रिंग द्या,’’ मी म्हटलं आणि ट्रेस लावला. फोन उचलला नाही तरी चालतं. दूरच्या फोनचा सिग्नल ठरल्या क्षणी पोचावा म्हणून टॉवर त्याला जरा आधी बोलायला लावतो. किती आधी, तो आकडा म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स. त्याची एक पायरी साधारण 550 मीटरची. आकडा आला 7. म्हणजे चारेक किलोमीटर. नकाशावर तेवढ्या अंतराची कमान काढली. ती खाडी ओलांडून थेट आगरदांड्याच्या किनाऱ्याला टेकली.

‘‘जीप मागे बोलवा.’’

आजोबा तिथल्याच एका वाडीत सापडले. पाय मुरगळला होता, म्हणून झाडाला टेकून बसले होते. कानांनी अधू. फोनला चार किलोमीटरवरचा टॉवर ऐकू येत होता. आजोबांना खिशातला फोन नाही.

पुढे 2019 मध्ये डेन्मार्कची बातमी वाचली. कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदी पोलिसांच्या यंत्रणेत रूपांतरित होताना काही तपशील गळत होते. तिथल्या सरकारी वकिलांनी पुरावा म्हणून मोबाइलच्या नोंदींचा वापर दोन महिने थांबवला आणि सुमारे 10,700 प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली. वाचताना मला म्हसळ्याच्या वाटेवरची ती जीप आठवली. तिला मागे फिरवणारा फोन त्या रात्री वेळेत गेला होता, एवढंच.