मायक्रोग्लिया: मेंदूचे पहारेकरी

अल्झायमर म्हटलं की सगळे चेतापेशींबद्दल बोलतात. मला भुरळ घालतात त्या मायक्रोग्लिया, मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी! स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. बारीक फांद्या सतत हलवत त्या परिसर चाचपतात, मेलेल्या पेशी गिळतात, अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गाठींना घेरतात. पण या गाठींनी त्यांना दिलेली चिथावणी वर्षानुवर्षं टिकली, तर त्यांनीच सोडलेली दाहकारक रसायनं निरोगी चेतापेशींनाही इजा करतात.

2013 मध्ये कळलं, की ट्रेम-2 जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करतं. म्हणजे दाह हा आजाराचा निव्वळ परिणाम नाही, हे मला पटतं.

मात्र साध्या दाहशामक गोळ्यांनी चाचण्यांमध्ये अल्झायमर थांबलेला नाही. घरच्या ज्येष्ठांना त्या मनाने देऊ नका.