लहान धंदा मोठा कसा होतो?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एक पालक आमच्याकडे आले होते. बीड शहरात शेतीची अवजारे दुरुस्त करण्याचे त्यांचे लहानसे दुकान आहे. चिरंजीव नववीत असून गणितात चांगले आहेत. पालक म्हणाले, “गुरुजी, सुट्टीनंतर याला शाळेत पाठवीत नाही. दुकानाला हाताखाली माणूस पाहिजे.” आम्ही सहज विचारिले, “धंदा कसा काय आहे?” ते म्हणाले, “काम उरकत नाही इतके आहे. पण पैसा हाती राहत नाही.” या उत्तराने आम्ही विचारात पडलो. काम पुष्कळ आणि पेटी रिकामी, ही स्थिती आमच्या जिल्ह्यात एकट्या त्यांचीच आहे असे नव्हे. त्या दिवशी आम्ही त्यांस जे सांगितले, तेच आमच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या विचारासाठी येथे काहीशा विस्ताराने लिहीत आहो.

आम्ही त्यांस कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची हकीकत सांगितली. यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांस काही रंगांतील भेद ओळखू येत नाही असे आढळून आल्यावर त्यांनी रंग सोडून यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या धरिली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. (शाळामास्तर कारखानदार होऊ शकतो, हे वाचून आमच्या काही सहकाऱ्यांस हुरूप येईल, त्यांनी वार्षिक परीक्षेपर्यंत तरी दम धरावा.) मुंबईत सायकली घ्यावयाच्या आणि बेळगावास बंधू रामूअण्णा यांजकडे विक्रीसाठी पाठवावयाच्या, असा त्यांचा जोडधंदा होता. 1888 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने या धंद्यास आरंभ झाला. नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव मुंबई सोडून बेळगावास आले.

येथवर दुकानदारी होती. माल दुसऱ्याचा, विक्री आपली. खरा पालट झाला तो त्यांनी भोवतालच्या शेतकऱ्याची अडचण पाहून स्वतः वस्तू घडविण्यास घेतली तेव्हा. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. याचे महत्त्व आमच्या बालाघाटच्या मुलांस निराळे समजावून सांगावयास नको. अख्खी पेंढी जनावरापुढे टाकली म्हणजे ते पाने व शेंडा खाते आणि जाड धांडे पायाखाली तुडविते. तोच कडबा बारीक कापून घातला, तर गव्हाणीत फारसे काही उरत नाही. म्हणजे तेवढ्याच पेंढ्या अधिक दिवस पुरतात. ज्या जिल्ह्यात 2019 च्या दुष्काळात जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या, तेथे या साध्या सुरीची किंमत काय, हे ज्यांनी छावणीत रात्री काढल्या आहेत ते जाणतात. यंत्र खपले ते केवळ नवे होते म्हणून नव्हे. त्याने शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत चारा वाचविला म्हणून.

लोखंडी नांगराची गोष्ट मात्र इतकी सरळ झाली नाही. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा बाकदार पंखा मातीचा थर उचलून उलथा करितो, त्यामुळे हरळीच्या मुळ्या उघड्या पडतात. गुण उघड होता. तथापि लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आणि पहिला नांगर विकावयास लक्ष्मणरावांस दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुष्कळ लोक येथे शेतकऱ्याच्या अज्ञानास हसतात. आम्हांस ते हसणे पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, मोडला तर तोच नीट करीत असे, आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याने मिळे. परगावचा लोखंडी नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला, तर जावे कोणाकडे? मनातील ही धास्ती काढल्यावाचून कितीही चांगली वस्तू खेड्यात खपत नाही. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी नांगर सोडून दुसरा सोपा धंदा धरिला नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते.

मग दुसरे संकट आले. शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची बेळगावातील जागा सोडणे भाग पडले. या प्रसंगी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली व 10,000 रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे व सापांचे माळरान. तेथे 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे त्या स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

आता आमच्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. वाडीतील सर्व कामे लक्ष्मणराव एकटे करीत होते काय? मुळीच नाही. वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांकडे होता. शंभोराव जांभेकर यंत्रांचे पाहत. हिशेब मंगेशराव रेगे ठेवीत. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, तरी कल्पक कारागीर म्हणून त्यांस मान होता. पूर्वी दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या दोघांकडे तर पहाऱ्याचे काम दिले होते! शिवाय वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा निर्बंध होता. जो मनुष्य चोरीची शिक्षा भोगून आलेल्याच्या हाती कुलूप देऊ शकतो, तोच धंदा वाढवू शकतो, असे आमचे मत झाले आहे. आमचे कित्येक दुकानदार पोटच्या मुलासही पेटीची किल्ली देत नाहीत, आणि मग हाताखाली माणूस नाही म्हणून कष्टी होतात.

विश्वास ठेवावयाचा, तर हिशेब डोक्यात ठेवून चालत नाही. तो वहीत पाहिजे. हे उदाहरणाने पाहू. समजा, एका कामास 4,000 रुपयांचे लोखंड लागले, 1,000 रुपये मजुरी गेली, आणि वस्तू 6,500 रुपयांस उधार दिली. नफा 1,500 रुपये. पण आज पेटीतून 5,000 रुपये गेले आणि आला एकही नाही. अशी दहा कामे आली, तर नफा 15,000 दिसतो आणि पेटीतून 50,000 गेलेले असतात. म्हणजे उधारीचा धंदा जितका वाढेल, तितकी पेटी अधिक लवकर रिकामी होते! काम उरकत नाही आणि पैसा राहत नाही, या कोड्याचा पुष्कळसा उलगडा येथे आहे.

आमच्या जिल्ह्यात यात आणखी एक भर आहे. कापूस घरी येऊन विकेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघून जातात. त्यांची उचल आधीच खर्च झालेली असते, आणि पट्टा पडून ती परत येईपर्यंत पाडवा येतो. ज्या दुकानदाराने हे महिने वहीत मांडून ठेवले नाहीत, तो ऐन मंदीत माल भरतो व ऐन हंगामात सावकाराचे दार ठोठावितो. घरखर्च व दुकानखर्च एकाच पेटीतून करणे हा तर दुसरा मोठा रोग. लग्नसराईत तो विशेष बळावतो.

किर्लोस्करांचा विस्तार पुढे फार झाला. 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली त्याचे नावाजलेले मासिक बनले, आणि 1930 पासून ‘स्त्री’ मासिकही निघू लागले. 1946 साली पुण्यास खडकी येथे तेलइंजिनांचा कारखाना निघाला. तो लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी नावारूपास आणिला. ते अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आलेले होते. शाळा मनापासून न आवडलेल्या पित्याने मुलास शिकावयास समुद्रापार धाडिले, हे आम्ही त्या पालकांस मुद्दाम दोनदा सांगितले.

ते बराच वेळ गप्प होते. अखेर असे ठरले की, मुलाने दिवसा शाळेत यावे व सायंकाळी तासभर दुकानाची वही लिहावी. वही आम्हीच आखून दिली: रोख, उधार, माल व घरखर्च अशी चार घरे. महिन्याने ते गृहस्थ पुनः आले. मुलाने उधारीच्या घराची बेरीज करून दाखविली, त्या रात्री आपणांस झोप आली नाही, असे त्यांनी हसत हसत सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ते जुन्या गिऱ्हाइकांच्या गावी फिरू लागले आहेत. मुलाच्या हाती आता पेटीची किल्लीही आहे.