पथ्याचे ताट आणि घरची पंगत



याईराच्या मुलीला प्रभूने जीवदान दिले आणि लगेच तिला काही खावयास द्या असे घरच्यांना सांगितले. संत मार्कने ५ व्या अध्यायात ही गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. आजाऱ्याच्या ताटाकडे पाहणे हेही बरे करण्याचेच काम आहे.

भेस्तानच्या एका भगिनीस आमवात आहे. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसांना चावू लागावा, तसे या रोगात शरीराचे रक्षक बळ स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. कोणीतरी तिला कडक पथ्याचा कागद दिला. त्यात धान्ये, डाळी, दूध, अंडी, तीळ-शेंगदाणे, जिरे-मिरे, तसेच मिरची, टोमॅटो, वांगे आणि बटाटा बंद. म्हणजे आपल्या घरातील भाकरी, वरण आणि ठेचा, सर्वच गेले! ती उकडलेला दुधी घेऊन ओट्यावर एकटीच जेवू लागली आणि पथ्य चालू आहे म्हणून तिने गोळ्याही परस्पर बंद केल्या. दोन महिन्यांत बोटे इतकी आखडली की हातात माळ धरवेना.

या पथ्याला आधार मुळीच नाही असे नाही. २०१७ साली अमेरिकेत आतड्याच्या अशाच विकाराच्या १५ रुग्णांना ते दिले असता सहाव्या आठवड्यास ११ जणांचा त्रास शमला होता. परंतु रुग्ण थोडे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हा रोगही सांध्यांचा नव्हे. म्हणून पथ्य हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे. शिवाय ते जन्मभराचे नाही. काही आठवड्यांनी एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून कोणता सोसतो हे पाहावयाचे असते. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि मधुमेही यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते करू नये.

आता ताटाचे पाहू. कोरिया देशात बुलगोगी नावाचा पदार्थ करतात. बुल म्हणजे आग, गोगी म्हणजे मांस. गोमांसाचे पातळ काप सोया सॉस, तिळाचे तेल, लसूण व नासपतीच्या रसात मुरवून आगीवर भाजतात. गुजरातेत गोवंशहत्येस कायद्याने बंदी आहे, म्हणून आपण बोकडाचे मटण घ्यावे. सोया आणि तीळ पथ्यात बसत नाहीत. त्यांची चव कोकम, गूळ आणि मीठ यांनी भरून काढता येते.

साहित्य : मांडीचे बिनहाडाचे मटण अर्धा किलो, कच्च्या पपईचा वाटलेला गर १ मोठा चमचा, नासपती १, कांदा १, लसूण ७-८ पाकळ्या, आले १ इंच, कोकमाचा कोळ २ मोठे चमचे, गूळ १ लहान चमचा, मीठ, खोबरेल तेल, कोथिंबीर.

कृती : मटणाचे धाग्याला आडवे, शक्य तितके पातळ काप करावेत. कांदा, लसूण, आले व नासपती वाटून त्यात पपई, कोळ, गूळ व मीठ मिसळावे आणि ते कापांना चोळून एक तास ठेवावे. पपईमुळे मांस मऊ होते, पण फार वेळ ठेवल्यास त्याचा लगदा होतो. लोखंडी तवा चांगला तापवून तेलावर थोडे थोडे काप परतावेत. एकदम घातल्यास पाणी सुटते आणि भाजले जात नाहीत. आत लाली राहू देऊ नये. शेवटी कोथिंबीर घालून कोबीच्या पानात गुंडाळून खावे.

भाकरीच्या जागी उकडलेले रताळे किंवा सुरण चालेल. मात्र सुरतेच्या बाजारात रताळ्याला शक्करिया म्हणतात. रताळू मागितल्यास जांभळा कंद मिळतो. तोही पथ्यास चालतो, परंतु नीट शिजवावा. परसात पाऊस सुरू होताच रताळ्याचे वेल लावले तर चार महिन्यांत कंद हाती येतात. शेजारी पपईचे एक झाड आणि आल्याचा एक वाफा असावा. अर्धे पथ्य विकत घ्यावे लागणार नाही.

गहू बंद असलेल्या आजाऱ्यांनी पवित्र कम्युनियनपासून दूर राहू नये. अगदी ग्लुटेनरहित भाकर चालत नाही, पण अल्प ग्लुटेनची भाकर चालते, असे रोमने २०१७ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. आपल्या धर्मगुरूंना मिस्सापूर्वी सांगावे.

त्या भगिनीने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. आम्ही तिच्या घरच्यांना एवढेच सुचवले की आठवड्यातून एक दिवस सर्वांनी तिच्याच ताटातले जेवावे. आता रविवारी सगळे घर कोबीची पाने घेऊन बसते, आणि ओटा रिकामा असतो. आपल्याही घरी कोणी पथ्यावर असेल, तर येत्या रविवारी एवढे अवश्य करून पाहावे.