लाहोरच्या आधीचे विष्णुबुवा

दत्तजयंतीला नृसिंहवाडीच्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. पलीकडच्या काठावर कुरुंदवाड. तिथली माणसे वाडीला जातात ती परगावी निघाल्यासारखी जात नाहीत. पूर्वी नावेने, आता पुलावरून, पंचगंगा ओलांडली की झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच एका दत्तजयंतीला कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा वाडीला गेला होता. शोभेची दारू उडत होती. एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळे भाजले. दृष्टी पुरती गेली नाही, पण जन्मभर अधू राहिली. मुलाचे नाव विष्णू दिगंबर पलुसकर.

पुढची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मिरजेच्या डॉक्टर भडभड्यांनी उपचार केले, डोळ्यांवर ताण पडेल असा अभ्यास या मुलाला झेपणार नाही, त्याला गाणे शिकवा, असे सुचवले. मिरजेच्या संस्थानिकांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवले. मग गुरुसेवा, पहाटेचा रियाज, आणि एकदम १९०१ साली लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय. मधली वर्षे दोन वाक्यांत उरकतात.

इंग्लंडात १९७० च्या दशकाअखेर ‘न्यू वेव्ह’ म्हणून जे बँड निघाले, त्यांच्या आरंभीच्या वर्षांचे तिकडे केवढे कौतुक आहे! स्विंडन हे तेव्हा रेल्वेच्या कारखान्यांचे गाव. तिथून ‘एक्सटीसी’ नावाचा बँड निघाला. असा बँड आधी कोणत्या नावाने वाजवत होता, कोणत्या पबात वाजवत होता, समोर किती टाळकी होती, हे लोक हौसेने टिपून ठेवतात. आपल्याकडे मोठ्या गवयाची पहिली वर्षे आख्यायिकेत विरघळून जातात. माझ्या मते विष्णुबुवांनी जे नवे केले त्याचा उगम त्या पहिल्या वर्षांतच आहे, आणि ‘डोळे गेले म्हणून गाणे आले’ एवढ्या वाक्याने तो सापडत नाही.

गाणे घरात आधीपासून होतेच. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. विष्णूचा जन्म कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२, श्रावणी पौर्णिमेचा. वडील दिगंबरपंत हरिदास, म्हणजे कीर्तनकार. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे छोटे संस्थान. १८५४ मध्ये त्याच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्या. एवढ्याशा संस्थानात दरबार तो केवढा असणार! पण कीर्तनाला देऊळ भरत असे. हरिदासाला पूर्वरंगात निरूपण करायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे, साकी, दिंडी, ओवी, पद असे काय काय गायचे, आणि शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीलाही जागे ठेवायचे. दरबारी गवयाचा मालक एक असतो. हरिदासाचे श्रोते म्हणजे अख्खे गाव, आणि त्याची कमाई आरतीच्या ताटात पडते. हे ताट विष्णूने लहानपणापासून पाहिलेले होते. पुढे त्यांच्या मैफली भजनाने संपत, ते रामायणावर प्रवचने करत, तेव्हा काही जाणकार नाके मुरडत. त्यांना बहुधा कुरुंदवाडचे देऊळ दिसत नसावे.

मिरजेत मिळाले ते मात्र अस्सल दरबारी वळणाचे गाणे. बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) इचलकरंजीजवळच्या चंदूरचे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली ती प्रामुख्याने त्यांनी. दम्याने बेजार असलेला हा गुरू कडक होता. शिष्याने घरची कामे करायची, गुरूच्या लहरीप्रमाणे तालीम घ्यायची, कागदावर टिपून घेण्याचा प्रश्नच नाही. गळ्यावरून गळ्यात उतरेल तेवढीच विद्या. याच माणसाने एके काळी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही चालवले होते, हे विसरू नये. छापील संगीताची कल्पना शिष्याला आयती गुरूच्या घरातच भेटली असावी.

१८९६ मध्ये विष्णुबुवांनी मिरज सोडली. कारण असे सांगतात: मिरजेतल्या एका समारंभाचे आमंत्रण त्यांना आले, गुरूला नाही. चौकशी केली तर उत्तर मिळाले की ते काय, गवई! दरबाराच्या मर्जीतला म्हणून शिष्य प्रतिष्ठित, आणि ज्याच्याकडून विद्या घेतली तो केवळ गवई. प्रसंग तंतोतंत असाच घडला असेल वा नसेल, पण त्या काळच्या गवयाची पायरी त्यातून बरोबर कळते. गाणे आवडायचे, गाणारा बैठकीबाहेर. ही पायरी बदलायची तर नुसते उत्तम गाऊन भागणार नव्हते. उत्तम गाणारे तर बाळकृष्णबुवाही होते.

पुढची पाच वर्षे भटकंतीची. बडोद्याला राजघराण्यात गाणे झाले, वाहवा झाली. तिथे राहिले असते तर एक चांगली नोकरी आणि एक सुखी दरबारी गवई, एवढीच गोष्ट उरली असती. ते सौराष्ट्रात गेले. तिथे त्यांनी थोडके तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय गाण्याची ही पहिलीच तिकिटाची मैफल, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ‘पहिले’ या शब्दाबद्दल मी जरा सावध आहे. पुण्याचा गायन समाज १८७४ चा, मुंबईच्या पारशांची गायन उत्तेजक मंडळी त्याहून जुनी, १८७० ची. संगीत जाहीर चव्हाट्यावर आणण्याची खटपट आधीही चालू होती. पण ती बहुतेक हौशी, शिकलेल्या, घरंदाज मंडळींची. गाण्यावर पोट असलेल्या घराणेदार गवयाने संस्थानिकाकडे पाठ फिरवून दारात तिकीट लावावे, हे धाडस वेगळे.

इथे कुरुंदवाडच्या दुसऱ्या गवयाची आठवण होते. रहिमतखाँ, ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव, ज्यांना ‘भूगंधर्व’ म्हणत. विष्णुपंत छत्रे हे हद्दूखाँचे शिष्य, आणि घोड्यांचेही जाणकार. हिंदुस्थानी माणसाची पहिली मोठी सर्कस त्यांनीच काढली. फिरस्त्या अवस्थेतल्या रहिमतखाँना छत्र्यांनी सांभाळले आणि ख्यालाचा हा बादशहा सर्कशीबरोबर गावोगाव हिंडला. खाँसाहेबांनी अखेरचे दिवस कुरुंदवाडला काढले आणि १९२२ मध्ये ते तिथेच वारले. ज्या गावात आजही काही मशिदींत गणपती बसतो, त्या गावाला यात नवल वाटले नसेल. बिदागी, आरतीचे ताट आणि तिकीट, गवयाला पोसण्याच्या या तिन्ही वाटा या एका लहानशा गावाच्या आसपास दिसतात. रहिमतखाँसाठी तिकिटाचा व्यवहार दुसऱ्याने सांभाळला. विष्णुबुवांनी तो स्वतः अंगावर घेतला.

सौराष्ट्रानंतर ग्वाल्हेर, मग मथुरा. मथुरेचा मुक्काम मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे त्यांनी ब्रजभाषा शिकून घेतली, चंदन चौबे यांच्याकडून ध्रुपद घेतले. बंदिशींचे शब्द ब्रजभाषेतले, आणि ते अर्थ न कळता गाण्याची मराठी गवयांना सवय झालेली. हरिदासाच्या मुलाला शब्द असे चघळून टाकणे रुचले नसणार. उत्तरेत राहायचे, शिकवायचे, लोकांसमोर बोलायचे तर भाषाही हवीच होती.

दिल्ली, पंजाब करत ते लाहोरला पोचले. एवढ्या लांब का? लाहोरात १८८२ पासून विद्यापीठ होते, आर्यसमाजाचे डी.ए.व्ही. कॉलेज होते, वकील-प्राध्यापकांचा नवा वर्ग होता, आणि जाहीर सभेला वर्गणी देण्याची सवय होती. संस्थानिकाच्या जागी असा समाज त्यांना आधाराला हवा होता. ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय उघडले. बडोद्यात मौलाबक्षांची संगीतशाळा १८८६ मध्येच सुरू झाली होती, पण तिच्या पाठीशी बडोद्याचे महाराज सयाजीराव होते. लाहोरच्या शाळेचा संसार फी, देणग्या आणि बुवांच्या मैफली यांवर.

पहिले काही दिवस एकही विद्यार्थी आला नाही म्हणतात. बुवा ठरल्या वेळी वर्गात जाऊन बसत, तंबोरा जुळवत आणि एकटेच गात. मग हळूहळू मुले आली. फी देणाऱ्यांचे वर्ग वेगळे आणि उपदेशक वर्ग वेगळा. उपदेशक वर्गातल्या मुलांचे जेवणखाण, शिक्षण सगळे विद्यालयाकडे; बदल्यात नऊ वर्षे राहण्याचा करार. गुरुगृहीची तालीम त्यांनी टाकली नाही, तिला वेळापत्रक, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा जोडली. स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली. ती किचकट आहे. त्यांच्याच काळातले संगीतशास्त्रकार भातखंडे यांची पद्धत सुटसुटीत म्हणून तीच जास्त चालली, हे मान्य करायला हवे. पण दृष्टी अधू असलेल्या माणसाने, स्वतः कानाने शिकून, दुसऱ्यांसाठी गाणे कागदावर उतरवण्याचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट लहान नाही.

गायकी त्यांनी बदलली नाही. ग्वाल्हेरची आठ अंगे जशी मिळाली तशी पुढे दिली. बदलले ते गाण्याचे ठिकाण, आणि गाणाऱ्याची मान.

१९०८ मध्ये मुंबईची शाखा निघाली. नंतर सँडहर्स्ट रोडची मोठी इमारत, तिच्यासाठी काढलेले कर्ज आणि १९२४ मधला लिलाव. समाजाच्या भरवशावर बांधलेले घर समाजाने वाचवले नाही. उपदेशक वर्गाच्या पद्धतीतून घडलेली मुले मात्र सावकाराला नेता आली नाहीत: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णुबुवा मिरजेत वारले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे विनायकरावांनी आणि नारायणरावांनी शिकवले.